रानसुरणाची खाज आणि मालगुंडची बरणी

आयुष्यभर काय नोकरी केलीत असं कुणी विचारलं आणि मी "औषधांचं संशोधन" म्हटलं, की रत्नागिरीचा माणूस लगेच विचारतो, "आंब्यावरच्या तुडतुड्याच्या का?" नाही हो, माणसांच्या. त्यावर त्याचा चेहरा जरा पडतो. आंब्याचं असतं तर त्याला उपयोग झाला असता.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका औषध कंपनीने भाट्याच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जुनी काजूची वखार भाड्याने घेऊन तिथे छोटीशी प्रयोगशाळा काढली होती. आमच्या महागड्या काचेच्या नळ्यांमधूनसुद्धा काजूच्या टरफलांच्या तेलाचा वास कधी गेला नाही. ही प्रयोगशाळा निघाली ती बेहेरे सरांच्या हट्टामुळे. सर मूळचे इथलेच. परदेशात शिकून आलेले, मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते. पण कोकणातल्या रानात औषधं उगवतात आणि ती शोधायची तर रानाजवळ राहिलं पाहिजे, असं त्यांनी वरिष्ठांच्या कानी इतक्यांदा घातलं की एक दिवस वरिष्ठ म्हणाले, बरं, जा. थोडक्यात, सरांनी आपलं नाव पणाला लावून ही वखार मिळवली होती. मी रसायनशास्त्र शिकलेली, लग्नाने मालगुंडची झालेली, पण राहायला रत्नागिरीत, नवरा बोटीवर. मला नोकरी हवी होती आणि सरांना कमी पगारात काम करणारं माणूस हवं होतं. जमलं.

आमचा विषय होता संधिवात. हा फार गुंतागुंतीचा आजार. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, का उलटतं ते नीट कळत नाही. त्या काळी जी औषधं होती ती सूज उतरवायची आणि पोट जाळायची. पोट न जाळणारं काहीतरी सापडतं का, एवढाच आमचा शोध. लिहिताना एवढाच वाटतो.

हे काम कसं चालतं ते सांगते. समजा, शिमग्याची पालखी नाचते आहे आणि त्या गर्दीत कुणीतरी एकच माणूस शिट्टी वाजवतो आहे. तो कोण, ते शोधायचं आहे. मग अर्धी गर्दी देवळाच्या या बाजूला उभी करायची, अर्धी त्या बाजूला, आणि शिट्टी कुठून येते ते ऐकायचं. ज्या बाजूने आली, तिचे पुन्हा दोन भाग. असं करत करत शेवटी तो एक माणूस हाती लागतो. वनस्पतीच्या अर्कात अशी शेकडो द्रव्यांची गर्दी असते. तिचे भाग पाडत जायचं आणि दर वेळी प्रत्येक भाग उंदराला पाजून बघायचा. माणूस सापडला की मग खरी गंमत. त्याची रचना ओळखायची, प्रयोगशाळेत तसाच दुसरा घडवायचा, त्याचा एखादा अवयव बदलून तो अधिक गुणी होतो का ते बघायचं. आमची गाडी त्या गमतीपर्यंत कधी पोचलीच नाही, ते पुढे येईलच.

शिट्टी ऐकायची रीतही सांगते. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली एक पूड पाण्यात कालवून पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायात टोचली, की दोन-तीन तासांत पाय टम्म सुजतो. मग तो पाय घोट्यापर्यंत पाऱ्यात बुडवायचा. पारा नळीत जितका वर चढेल तितकी सूज. ज्यांना अर्क पाजला ते उंदीर आणि ज्यांना नुसतं पाणी पाजलं ते उंदीर, यांच्यातला फरक म्हणजे आमचा पगार. उंदरांची मला सुरुवातीला दया यायची. पुढे यायची कमी झाली, हे सांगताना बरं वाटत नाही.

पुष्कळ पाले आणि साली उकळून झाल्यावर आमच्या हाती रानसुरण लागला. लांज्याकडच्या गावांत सांधे धरले की म्हातारी माणसं हा कंद शिजवून खातात, असं आमच्या दत्तारामने सांगितलं होतं. दत्ताराम आमच्याकडे कंद चिरण्यापासून उंदरांना दाणा घालण्यापर्यंत सगळं करायचा आणि शनिवारी रानातून पोतं भरून आणायचा. आम्ही रानसुरणाच्या चकत्या केल्या, वाळवल्या, दळल्या, त्याचा मद्यार्कात अर्क काढला आणि उंदरांना पाजला. संध्याकाळी पारा बघितला तर सूज जेमतेम निम्मी. मला वाटलं, मी पूड टोचायलाच विसरले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. उंदीर कापून पोटं पाहिली, आतून स्वच्छ, कुठे व्रण नाही. सर वखारीच्या मागे जाऊन खाडीकडे बघत उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "बाई, आज चहात साखर जास्त घाला."

आम्ही कृती लिहून मुंबईला पाठवली, सोबत कंदांचं पोतंही. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेने ती तंतोतंत केली आणि त्यांच्या उंदरांचे पाय मस्त सुजले. काही म्हणजे काही फरक नाही. आम्ही इथे पुन्हा केलं, सूज उतरली. त्यांनी तिथे पुन्हा केलं, उतरली नाही. आम्ही त्यांचे उंदीर मागवले, त्यांनी आमचा पारा तपासला. पाणी बदललं, मद्यार्क बदलला. मी तर माझ्या हातांकडेसुद्धा संशयाने बघायला लागले. सकाळी वखारीत शिरताना आपण काय काय करतो, कुठला दरवाजा आधी उघडतो, हेसुद्धा मनात घोकायचे. काही केल्या उलगडा होईना. मुंबईत मात्र उलगडा झाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं आधी हळू आणि मग मोठ्याने बोललं जाऊ लागलं. वखार चालू राहावी म्हणून बेहेरे आकडे शिजवतात, असं सरांच्या जुन्या सहकाऱ्याने तोंडावर म्हटल्याचं आमच्या कानावर आलं. सरांची त्या आठवड्यात दाढी करायची राहिली.

शेवटी सरांनीच कळवलं की माणूस पाठवा आणि डोळ्यांनी बघा. मला हे हात दाखवून अवलक्षण वाटलं होतं. माणूस आला तो डॉक्टर शेळके. कोल्हापूरकडचे, धिप्पाड, आवाज वखारीच्या कौलांना लागणारा. येतानाच त्यांनी सांगितलं की ते आमच्यावर पाळत ठेवायला आलेत आणि यात राग मानू नये. सर म्हणाले, राग कशाला, तुम्ही सगळं स्वतःच्या हाताने करा, आम्ही हात मागे बांधून उभे राहतो.

त्याप्रमाणे शेळक्यांनी बाह्या सरसावल्या, विळी नको म्हणाले, सुरी घेतली आणि कंद चिरायला बसले. दोन कंद चिरले असतील नसतील, त्यांचे हात लाल झाले. मग मनगटं. मग त्यांनी चुकून मान खाजवली आणि मानही गेली. एवढा मोठा माणूस, अंगणात नळाखाली हात धरून नाचायला लागला. पाण्याने सुरणाची खाज जाते थोडीच. तेव्हा दत्ताराम, मी आणि सरसुद्धा, तिघे एकदम म्हणालो, "आगळ लावा, आगळ."

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसात मीठ घालून ठेवतात ते आगळ. आंबट, गडद लाल. आमच्याकडे सोलकढीला लागतं, आमटीला लागतं आणि सुरण चिरायला घेतला की त्याच्या खाजेवर लागतंच लागतं. मोरीजवळ आगळाची बाटली ठेवलेली असायची, मीच मालगुंडहून सासूबाईंकडची आणायचे. दत्तारामने ती शेळक्यांच्या हातांवर उपडी केली आणि उरलेल्यातलं बरंचसं सवयीने चिरलेल्या चकत्यांवर ओतून चकत्या चोळून ठेवल्या.

शेळक्यांनी खाजवणं थांबवलं. "हे काय केलंस?"

"कुठं काय केलंय?" दत्ताराम म्हणाला. "सुरण साफ केलंय."

"हे कृतीत लिहिलेलं नाही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कृतीत लिहिलं होतं, 'कंद स्वच्छ करून चकत्या कराव्यात.' आता सुरण स्वच्छ करायचा म्हणजे त्याला आगळ चोळायचं, हे काय लिहायचं असतं? भात टाकताना तांदूळ धुतले असं कुणी लिहितं का? सरांनी एवढी वर्षं परदेशात काढली, पण घरात सुरण चिरला जातो म्हणजे आगळ आलंच, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तेही ओळ वाचून पुढे गेले होते. मुंबईच्या प्रयोगशाळेत रबरी हातमोजे होते, त्यांना खाज सुटली नाही आणि आगळ लागलं नाही.

"आयला," शेळके म्हणाले आणि हात वर धरून तसेच हसत सुटले. सरही हसले. कितीतरी दिवसांनी ते हसताना दिसत होते.

चोळलेल्या त्या चकत्यांचा अर्क शेळक्यांनी स्वतः काढला, उंदरांना स्वतः पाजला आणि पारा स्वतः वाचला. सूज उतरलेली होती. त्यांनी सरांचा हात हातात घेतला, त्या खाजऱ्या हाताने, आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी राहिलेलं नुसतं आगळ पाजून बघितलं, फारसं काही नाही. नुसता सुरण, काही नाही. दोन्ही मिळून मात्र काहीतरी घडत होतं. म्हणजे गर्दीत शिट्टी वाजवणारा एक नव्हताच, दोघांनी मिळून वाजवली होती. आता तो जोडीने तयार होणारा पदार्थ तेवढा पकडायचा, सरांचं नाव धुऊन निघणार आणि कदाचित औषधही मिळणार. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदाने.

पण इथून पुढे जे झालं ते मला आजही नीट समजलेलं नाही. बाटली संपली होती, म्हणून दत्तारामने बाजारातून आगळ आणलं. त्याने काहीच होईना. दुसऱ्या दुकानातलं आणलं, सरांच्या घरचं आणलं, दत्तारामच्या गावचं आणलं. उंदरांचे पाय सुजलेले ते सुजलेलेच. शेळके गोंधळले, सर गोंधळले, मी तर आधीपासूनच गोंधळलेली होते. मग डोक्यात आलं की पहिल्यापासून जेव्हा जेव्हा जमलं तेव्हा आगळ मालगुंडचं होतं.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात एक चिनी मातीची उंच बरणी होती, त्यांच्या सासूच्या वेळची. दर वर्षी नवं आगळ तीत ओतायचं, पण जुनं कधी पुरतं संपू द्यायचं नाही, तळाशी राहू द्यायचं, म्हणजे नवं बिघडत नाही, अशी त्या घरची रीत. किती वर्षांचं आगळ त्या तळाशी बसलं असेल कोण जाणे. हे ऐकल्यावर सर उठून उभेच राहिले. त्या तळाच्या गाळात काहीतरी मुरत असणार, एखादी बुरशी, आंबवणारं एखादं किण्व, आणि तेच सुरणातल्या द्रव्याला बदलत असणार. शेळके म्हणाले, उद्याच जाऊ.

आता मुंबईचे डॉक्टर घरी न्यायचे म्हणजे न कळवता कसे न्यायचे? मी मालगुंडच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला की उद्या मोठे साहेब येताहेत, आगळाची बरणी बघायला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं, सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या. घावणे आणि नारळाचा रस तयार. शेळक्यांनी चार घावणे खाल्ले, पण त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे होतं. मग सासूबाईंनी स्वतः बरणी उचलून आणली आणि पाटावर ठेवली. ती लखलखत होती. आत लालभडक, नितळ, ताजं आगळ.

"जुनं होतं ते?" मी विचारलं.

"शी गो," त्या म्हणाल्या. "तळाला नुसता गाळ होता. एवढे मोठे सायेब यायचे, त्यांच्यापुढं गाळ ठेवत्ये मी? सकाळीच राखेनं घासून, उकळतं पाणी ओतून घेतली आणि यंदाचं भरलं. बघा तरी, कसा रंग आहे."

"आणि गाळ?"

"ओतला माडाच्या मुळात. माडाला मीठ बरं असतं."

मी सरांकडे बघायचं टाळलं. शेळके उठले, परसात गेले आणि माडाच्या बुंध्याशी उकिडवे बसले. बाटलीत थोडी ओली माती भरताना मला दिसले. सासूबाईंनी विचारलं, सायेब काय शोधतायत गो? मी सांगितलं, घाटावर माड नसतात ना, म्हणून बघतायत. त्या मातीत पुढे वाळू आणि मीठ यांशिवाय आम्हाला काही सापडलं नाही.

सर मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी बरणीतलं थोडं आगळ वाटीत मागून घेतलं, चाखलं आणि म्हणाले, "असा रंग मी कुठे पाहिला नाही, आजी." सासूबाईंना ते वाक्य पुढे आयुष्यभर पुरलं.

परतताना गाडीत शेळके म्हणाले, मी अहवालात सगळं लिहितो. सूज उतरली ती मी बघितली, बरणी होती, ती आमच्या येण्याआधी घासली गेली. सगळं खरं आहे, सरांवरचा डाग जाईल. मला ते पटलं होतं. सर बाहेर बघत होते. मग म्हणाले, "बरणीचं लिहू नका."

शेळक्यांनी विचारलं, का?

"मुंबईत हसतील. हसू देत, माझं काही नाही. पण आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं मुंबईत नोकरीला आहेत. ते हसणं फिरत फिरत मालगुंडला पोचेल. त्या बाईंनी घरातलं सगळ्यात चांगलं ते आपल्यापुढे ठेवलं." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुम्हीही त्यांना काही सांगायचं नाही."

अहवालात शेळक्यांनी लिहिलं की सूज उतरलेली मी स्वतः पाहिली आहे, मूळ नमुना संपला आहे आणि ती का उतरली हे मला सांगता येत नाही. कोल्हापूरच्या माणसाने एवढं कबूल करणं सोपं नसतं. पण मुंबईत त्याचा अर्थ असा घेतला गेला की बेहेऱ्यांनी शेळक्यांनाही गुंडाळलं, मासे चांगले खायला घातले असतील. काही काळाने वखार बंद झाली. मला कंपनीच्या दुसऱ्या कामावर घेतलं, गोळ्यांची तपासणी. ते काम मी निवृत्त होईपर्यंत केलं आणि त्यात कधी गोंधळ झाला नाही. सरांनी राजीनामा दिला. पुढे मुलांना शिकवायचे. त्यांच्या क्षेत्रात त्यांचं नाव निघालं की कुणीतरी भुवई उंचावायचं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि गप्प राहिले आहे, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं.

आपण खरंच काही पाहिलं होतं का, याचाही मला अधूनमधून संशय येतो. पारा खोटं बोलत नाही, हे खरं. पण तो का चढला नाही, हेही तो सांगत नाही. सरांना भेटायला गेले की ते एकदा तरी विचारायचे, "होतं ना हो बाई, काहीतरी?" मी म्हणायचे, होतं. ते म्हणायचे, मलाही वाटतं होतं. मग आम्ही दुसरं बोलायचो.

सासूबाई दर वर्षी रातांब्यांचा हंगाम झाला की आगळाची एक बाटली "सायबांना" म्हणून माझ्याबरोबर द्यायच्या. सरांनी ती कधी नाकारली नाही. वखार होती तोवर दर बाटली उंदरांवर तपासली, नंतर सोलकढी केली. मी मात्र तेव्हापासून ती बरणी धुतलेली नाही. दर वर्षी नवं ओतते, तळ राखते. सासूबाई ओरडायच्या, सुनेला एवढाही कंटाळा म्हणजे काय. मी ऐकून घ्यायचे.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचे गुडघे धरले. सुजून असे झाले की मोरीपर्यंत जाताना भिंत लागायची. एक दिवस मी पाय चेपत असताना म्हणाल्या, "काय गो, त्या तुझ्या सायबांचं औषध झालं काय?"

मी म्हटलं, करतायत अजून, आई.

"करू देत. माझंच आगळ घातलंनी ना त्यात? मग मला आधी देतील."

त्या दिवसापासून मी बरणीचा तळ पळीने ढवळून त्यांच्यासाठी गाळासकट आगळ काढू लागले आणि दत्तारामकडून मागवलेला रानसुरण त्यात चोळून, नीट शिजवून त्यांच्या पानात वाढू लागले. त्या दोन घास आवडीने खायच्या. गुडघ्यांची सूज कधी उतरल्यासारखी वाटायची, कधी वाटायची नाही. एकदा त्या झोपलेल्या असताना मापाची फीत घेऊन त्यांच्या पायांशी बसले होते. आयुष्यभर मी सूज मोजण्याचा पगार घेतला होता. फीत गुडघ्याभोवती फिरवली, पण आकडा बघायच्या आधीच काढून घेतली आणि गुंडाळून ठेवून दिली.